संध्याकाळचा वर्ग

१२ जानेवारी
सकाळी कुलगुरूंचा फोन. कार्यपरिषदेची बैठक मार्चमध्ये, आणि विषयपत्रिकेवर अखेर तो विषय आला. एम.ए.च्या प्रायव्हेट परीक्षा बंद. वर्षभर घरी बसायचं, गाइड पाठ करायचं, उन्हाळ्यात कुठल्या तरी कॉलेजात जाऊन पेपर लिहायचे आणि विद्यापीठाची पदवी घ्यायची. विद्यापीठाची इमारतही न पाहता. मी हे नोकरीत असताना बोलत होते, निवृत्त झाल्यावर परिषदेची सदस्य म्हणूनही बोलते.
ठराव मीच मांडावा अशी त्यांची इच्छा. "दीदी, आप बोलेंगी तो फिर कोई नहीं बोलेगा."
हे खरं आहे. कौतुक म्हणून म्हणाले की भीतीने, ते कळलं नाही.

१९ जाने.
भाषणाची जुळवाजुळव. पूर्वी इथली पोरं शिकायला नागपूरला जात, मग सागर विद्यापीठाकडे डोळे लावून बसत. विद्यापीठ इथे आलं तेव्हा बस्तरच्या टोकापासून सरगुज्यापर्यंत सगळा मुलूख त्याच्या पदरात पडला. कॉलेजं थोडी, रस्ते त्याहून थोडे. त्या काळात प्रायव्हेट परीक्षा ही सोय होती. पुढे सोयीचीच संस्था झाली. आता छत्तीसगड वेगळं राज्य झालं, राजधानी इथे आली, जुन्या इस्पितळात मंत्रालय बसलं, लाल दिव्याच्या गाड्या आल्या. विद्यापीठ अजून पेपर छापतंय, गोळा करतंय, तपासतंय.
मुद्दा एकच : तोलकाट्याला कोणी दुकान म्हणत नाही. नुसत्या परीक्षेला विद्यापीठ का म्हणावं?
चांगलं आहे. ठेवावं.

२ फेब्रु.
भाषण आधी घरात म्हणून बघायचं, ही बाबांची रीत. श्रोता कोणीही चालतो, फक्त मधे उठायचं नाही. आज वैशाली सापडली. समीरची बायको, माझी भाचेसून. शाळेतल्या पोरांच्या वह्या तपासत बसली होती. मी पुढच्या खोलीत उभं राहून पूर्ण जोर लावला. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.
संपल्यावर वै. म्हणाली, "झकास झालं, आत्या. टाळ्या पडतीन."
मग लाल पेनाला टोपण लावलं. "पण मंग माह्या फायनलचं काय करायचं?"
ती इतिहासात एम.ए. करते आहे, हे मला माहीत होतं. माझीच पुस्तकं नेते. या एप्रिलमध्ये तिचं प्रीवियस, म्हणजे पहिलं वर्ष, पुढल्या वर्षी फायनल. ते झालं की सरकारी शाळेत व्याख्याता, म्हणजे अकरावी-बारावीची शिक्षिका, म्हणून अर्ज करता येईल. आताच्या शाळेत तिला काय देतात ते ती सांगत नाही, आम्ही विचारत नाही. ती प्रायव्हेट आहे हेही उघड होतं. अकरा ते पाच शाळेत असते, दुसरं काय असणार? पण 'प्रायव्हेटवाले' म्हणताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी एक गर्दी असे. त्या गर्दीत आमच्या घरचं कोणी नसे.
तिला म्हटलं, अर्ध्यावर असलेल्यांना रेग्युलर वर्गात घेणार आहेत.
"अकरा वाजता?"
"हो."
"हव," म्हणाली, आणि पुढची वही उघडली.

३ फेब्रु.
जेवताना समीर : "आत्या, इसका तो एक ही साल बचा है. थोड़ा रुकवा दो ना." हा मराठी सगळी समजतो, उत्तर हिंदीत देतो.
मी म्हटलं, घरच्या माणसासाठी ठराव थांबवणाऱ्या लोकांवर मी जन्मभर भाषणं दिली.
वै. : "मले नकोच सूट. मले एक वर्ग पाहायचा हाय. तुम्ही ज्याच्यासाठी एवढं भांडून राहिल्या, तो असते कसा ते तरी पाहू द्या."
समीर हसला. मी नाही.

११ फेब्रु.
वै.ने शाळेतून रजा काढली. जयस्तंभ चौकातून टेम्पोने दोघी विद्यापीठात. वर्ग साहूचा. माझा जुना विद्यार्थी, आता स्वतः शिकवतो. मला पाहून उठून उभा राहिला, मग सावरला आणि माझ्याकडे परत एकदाही पाहिलं नाही. बरं वाटलं.
विषय छत्तीसगडातली भोसल्यांची राजवट. त्याने जुन्या महसुली टिपणाचा एक उतारा वाचला आणि विचारलं, हे कोणी लिहिलं, कोणासाठी लिहिलं? मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "सर, मराठे तो लूटने आए थे, बस." साहू म्हणाला, "ठीक है. कैसे पता?" तिथून सगळे पेटले. कोण इंग्रजांना ओढून आणतंय, कोण आजोबांना.
आणि वै.ने हात वर केला. पाहुणी म्हणून बसलेली बाई. "सर, मेरे ससुराल वाले उन्हीं के साथ आए थे. लूट का माल कहाँ है पूछती हूँ, तो बताते नहीं."
वर्ग कोसळला. साहू हसणं थांबेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "यही तो सवाल है. माल गया कहाँ?" मग खरंच तोच प्रश्न घेऊन तास संपेपर्यंत बोलत राहिला.
परतताना टेम्पोत वै. : "गाइडात उत्तर असते, आत्या. इथं तर प्रश्नच सरत नाही. मले राग येऊन राहिला."
"माझा?"
"नाही वो. अकरा वाजताचा."

१२ फेब्रु.
अकरा वाजताचा राग. दिवसभर तेच.
मी शिकले त्या वर्षी विभागाला स्वतःच्या खोल्या नव्हत्या, पण वेळ अकराचीच होती. शिकवायला लागले तेव्हाही. ही वेळ कोणी ठरवली, कोणासाठी ठरवली, हे मी इतिहासाची प्राध्यापक असून कधी विचारलं नाही. बाबा पोसत होते म्हणून मला अकरा वाजता मोकळीक होती. ज्यांना नव्हती त्यांना आपण प्रायव्हेट म्हटलं आणि वर आळशीही म्हटलं.
ठराव चुकीचा नाही. अपुरा आहे. वर्ग संध्याकाळी सहाला भरवा, आणि मग प्रायव्हेट बंद करा.

२० फेब्रु.
दुबेजी आले. रसायनशास्त्राचे, परिषदेत या प्रश्नावर कायम माझ्या बाजूचे. संध्याकाळच्या वर्गाचं ऐकून त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.
"आप तो पलट गईं, दीदी. कल कहेंगी, चाँदनी में प्रैक्टिकल."
"मी होते तिथेच आहे. घड्याळ हलवा म्हणते आहे."
"शाम को प्रोफ़ेसर कहाँ से लाएँगी?"
साहू तयार आहे म्हटलं. कप तसाच टाकून गेले. अजून फोन नाही.

१८ मार्च
बैठक झाली. बोलले. काय बोलले त्यातलं निम्मं आता आठवत नाही. आवाज मात्र दारातल्या शिपायापर्यंत गेला असणार, कारण तो दार लावायला आला. टाळ्या नाहीत. बैठकीत पडत नाहीत.
मंत्रालयातून आलेले सचिव शांतपणे म्हणाले, "मैडम, शाम को आएगा कौन? प्राइवेट वाली तो घर की औरतें हैं."
मी म्हटलं, येतील.
कशावरून म्हटलं, माहीत नाही. बोलण्याच्या भरात निघून गेलं, आणि त्यांनी तेवढंच उचललं. ठराव असा : जुलैपासून फक्त इतिहासात सहाचा वर्ग, प्रयोग म्हणून. इतिहासाचं प्रायव्हेट त्याच दिवशी बंद. मुलं आली नाहीत तर वर्गही बंद. बाकीचे विषय वर्षभर तसेच, या प्रयोगाकडे बघून पुढचं ठरेल. दुबेजींनीही हात वर केला. मीही.

१८ मार्च, पुढे
वै.ला सांगितलं. पोळी तव्यावर होती, ती उलटून ती म्हणाली, "म्हणजे आता मले जावंच लागन."
"हो."
"नाही गेली तर?"
"तर फायनल नाही. आणि वर्ग टिकणंही कठीण."
"तुम्ही मले एकदा तरी विचारायचं होतं, आत्या."
मी भाषणाचे कागद कपाटात ठेवून दिले.

९ एप्रिल
वै.चा पहिला पेपर. दुपारचा. रुमाल ओला करून डोक्यावर घेतला आणि गेली. आल्यावर म्हणाली, भोसल्यांवर प्रश्न होता, गाइडातलं उत्तर लिहिलं नाही. मग काय लिहिलं, ते सांगितलं नाही.

२३ मे
समीर आणि वै.चं बोलणं ऐकू आलं. घर लहान आहे.
"सुबह स्कूल, शाम को क्लास, लौटते-लौटते आठ बजेंगे. फिर घर? तू थक जाएगी, यार."
"आत्ता का मी थकत नाही?"
"मैं मना थोड़े ही कर रहा हूँ."
"तू मना नाही करत. काही करतच नाही."
समीर वाईट मुलगा नाही. हे वाक्य त्याच्या पिढीच्या सगळ्याच मुलांबद्दल म्हणता येतं, म्हणून त्याला फारसा अर्थ नाही.

१७ जून
प्रीवियसचा निकाल. पास, चांगले गुण. गोल बाजारातून पेढे आणले. वै.ने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. "घालून ठेवते. जाईन का नाही, ते त्या दिवशी पाहू."
साहू म्हणतो नावं बरीच आली आहेत. पण नाव घालणं आणि येणं यांतला फरक मी त्याला शिकवायला नको. दुबेजींनी बातमी घेण्यासाठी फोन केला. मुलांची चौकशी केली, माझी नाही.

१४ जुलै
आज सहाला पहिला वर्ग. मी जायचं नाही असं ठरवलं. मी दिसले तर माझ्या भाषणासाठी आले असं होईल.
सकाळी वै. नेहमीसारखी निघाली. पर्स तीच, डबा तोच. जाणार का, ते मी विचारलं नाही. पुरानी बस्तीतली तिची शाळा पाचला सुटते आणि साडेपाचला ती घरी असते.
सहा झाले. साडेसहा झाले. टेम्पो मिळाला नसेल. शाळेत मीटिंग लागली असेल. किंवा साहूच्या वर्गात बसली असेल, मागच्या बाकावर, किंवा पुढच्या. तिथे ती एकटीच आहे की आणखी कोणी आहे, हेही इथून कळायला मार्ग नाही.
समीर सातला आला. इकडेतिकडे पाहिलं. "वो आई नहीं?"
"नाही."
"क्लास गई?"
"माहीत नाही."
बूट काढले. हात-पाय धुतले. स्वयंपाकघराच्या दारात जरा उभा राहिला, मग माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्र वर केलं.
"आत्या, चावल कहाँ रहता है?"
मलाही ठाऊक नाही. तसं सांगितलं. आता आत एकेक डबा उघडल्याचा आवाज येतो आहे.