एकाच रविवारची रजा

॥ नाथसाहेब प्रसन्न ॥

न्हावरा, ता. शिरूर
९ मार्च २०२५

ती. अक्कास,
ईश्वरचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या फोनचा आवाज एवढा मोठा असतो की आपलं बोलणं अर्धी आळी ऐकते. म्हणून हे पत्र. काम जरा नाजूक आहे.

आमच्या वॉटर पार्कचा हंगाम पाडव्यापासून सुरू होतो. गेल्या वर्षी भर मे महिन्यात अर्धी पोरं रांजणगावच्या कारखान्यांत निघून गेली आणि दोन घसरगुंड्या दोरी बांधून बंद ठेवाव्या लागल्या. उन्हातून आलेली लेकरं त्या दोरीपाशी उभी राहून वर बघत होती, ते मला अजून दिसतं. यंदा शेठ म्हणाले, ईश्वरराव, माणसांचं काम ठेकेदाराला देऊन टाकतो, कुठून आणायची ते तो बघेल. मी म्हणालो, एक हंगाम माझ्या हाती द्या. एक दिवस जरी माणसांवाचून पार्क अडलं तर ठेकेदार आणा, मी आणि माझी माणसं बाजूला होतो. ते कबूल झाले.

तर अक्का, मला आपल्या गावची माणसं हवीत. ओळखीचा माणूस पाण्यावरची नजर हलवत नाही, कारण त्याला गावात परत तोंड दाखवायचं असतं. मी स्वतः रोज सकाळी तलाव सुरू करण्याआधी पाण्याला हात लावून नमस्कार करतो, पण देवालाही चार डोळे मदतीला लागतात. ज्यांना पोहता येतं त्यांना जीवरक्षकाचं शिक्षण इथंच देऊ. राहणं-जेवण पार्कचं, बायकांना वेगळी खोली. तुझ्या रोहिदासला मी धरूनच चाललोय. सूनबाईंचं विचारायला धाडस होत नव्हतं, पण बायकांच्या तलावावर बाईच हवी. शितल माहेरी, राहू गावी, नदीत पोहायला शिकली हे कौतुक तूच सांगत फिरतेस. कौतुक केलंस, आता सून दे.

उन्हाला जप. तुझी माया आजवर न मागता मिळाली, पुढेही तशीच मिळू दे.

तुझा,
ईश्वर


खुटबाव, ता. दौंड
धुळवड, १४ मार्च

चि. ईश्वर यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. सून मागायची ही रीत नवीच हाय. शितलला इच्यारलं तर पोळी लाटता लाटता म्हणली, आत्या, म्या कवाच तयार हाय, तुमचंच ठरत न्हवतं. मला काळजी कापडाची. चार लोकांत पाण्यात उतरायचं म्हंजी कसं? तिनं मोबाईलात फोटू दावला, अंगभर काळा डरेस आन् गळ्यात शिट्टी. फौजदारीण दिसंल. जाऊ दे म्हणलं. रोहिदासला मातूर बजावलंय की बायकू खुर्चीवर आन् तू पंपावर, तवा तिथं नवरेपणा दावायचा न्हाई.

गावातनं धा-बारा जण तयार हायती. समदी पव्हणारी, समदी ओळखीची.

आता एक ध्यानात धर. तुमच्या हापिसातल्या क्यालेंडरात छापत न्हाईत, पर चैत्र वद्य अष्टमीला नाथांची जत्रा हाय. यंदा ती २० एप्रिलला, रविवारी येतीया. त्या दिशी खुटबावचं माणूस परगावी ऱ्हात न्हाई. पालखीच्या पुढच्या दांडीचा मान आपल्या बाच्या घराचा, म्हंजी तुझा. समदी माणसं एकाच गावची नेतोयस खरा, त्या दिशी शेठलाच घसरगुंडीवर बशीव.

जेवत जा येळेवर. माया हायच, ती काय कुठं पळून जात न्हाई.

तुझी अक्का


न्हावरा
२३ मार्च

प्रिय एलिया,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझा कान फोनवर चालत नाही आणि मोबाईलवर लिहायला माझा अंगठा चालत नाही. शाळेत एका बाकावर बसून चिठ्ठ्या सरकवायचो, तेच बरं होतं.

पार्कला मी सगळी माणसं खुटबावची घेतली आणि २० एप्रिलला गावची जत्रा आहे हे अक्काने कान धरून सांगितलं. पण मला उपाय सुचला आहे. तुमच्या केडगावच्या मिशनच्या वस्तीतून मला दहा माणसं दे. तुझा जोएल आणि ब्लेसी दोघंही पाण्यातली आहेत. जत्रेच्या दिवशी तुमची माणसं पार्क सांभाळतील. शेठला मी छाती काढून सांगितलं की एक गाव नाथांचं, एक वस्ती येशूची, दोघांची रजा एका दिवशी येणारच नाही.

शेठ इतके खूश झाले की त्याच रविवारसाठी रांजणगावच्या एका कारखान्याने कामगारांच्या कुटुंबांकरता अख्खं पार्क मागितलं होतं, ते त्यांनी माझ्यासमोर कबूल करून टाकलं. गंमत अशी की गेल्या वर्षी आम्हाला सोडून गेलेली पोरं आता पाहुणे म्हणून बायकालेकरं घेऊन येणार. त्यांच्यासमोर मला घसरगुंडीला दोरी बांधायची नाही.

हन्नावहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो या उन्हाळ्यात आटू देऊ नकोस.

तुझा,
ईश्वर


केडगाव
३१ मार्च

प्रिय ईश्वर,
प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मी हन्नाला मोठ्याने वाचून दाखवलं. २० एप्रिल ऐकल्यावर तिने चहाचं गाळणं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. अरे माणसा, तो ईस्टरचा रविवार आहे.

इतकी वर्षं त्या दिवशी तू आमच्या घरी पाटावर बसून जेवलास. हन्ना म्हणते, भावजींना ईस्टर तारखेने नाही, रश्श्याच्या वासाने आठवतो. पण तुला दोष देत नाही. तारीख दरवर्षी बदलते. तुमची जत्रा चंद्र बघून येते, आमचा ईस्टरही चंद्र बघूनच ठरतो. आकाशात चंद्र एकच, तेव्हा कधीतरी हे होणारच होतं. देव एक म्हण की दोन म्हण, रजा मात्र दोन आहेत.

आता सरळ सांगतो. जोएल, ब्लेसी आणि आणखी आठ जण उद्यापासून शिकायला येत आहेत. पण ईस्टरची उपासना सोडून कामाला जा, असं मी कुणाला सांगणार नाही. सांगितलं तरी कुणी जाणार नाही. आम्ही पहाटे अंधारात कबरस्तानात जमतो, उजाडताना गीत म्हणतो, मग देवळातली उपासना होते. ती होईपर्यंत ऊन बऱ्यापैकी वर येतं. त्यापुढे उरतं ते जेवण आणि एकमेकांकडे जाणं. उपासनेला मी हात लावणार नाही, जेवणाचं बोलता येईल. मात्र सगळे अर्ध्या रात्रीपासून जागे असतात. झोपाळू माणूस पाण्याजवळ नको. घटकाभर झोपून, जेवून निघाले तर दुपारी एकला तुझ्या गेटवर येतील.

तुझ्या देवाचं काय पुढे-मागे होतं ते तू बघ. आपल्या स्नेहाला इतकी वर्षं झाली, हे एक वर्षही निभावेल.

तुझा,
एलिया


न्हावरा
३ एप्रिल

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

मोठ्या तोंडाने शेठला शब्द दिला आणि फसलो. आपली जत्रा आणि एलियाकडचा ईस्टर एकाच रविवारी आहे. पार्क त्या दिवशी कारखान्याच्या माणसांनी भरलेलं असणार. माणसं नसतील तर ठेकेदार येईल. मग शितल, रोहिदास, एलियाची पोरं, सगळ्यांचा हंगाम माझ्या एका फुशारकीपायी जाईल.

पण मी हात टेकलेले नाहीत. एलियाच्या माणसांचं महत्त्वाचं पहाटे होतं. आपलं महत्त्वाचं म्हणजे पालखीचा छबिना, तो दिवस मावळल्यावर. मधला दिवस दोघांचा मोकळा आहे. आपल्या माणसांनी सकाळी पार्क उघडून एकपर्यंत सांभाळायचं, मग केडगावकरांनी. आडवा येतो तो फक्त दुपारचा नैवेद्य. घरचं माणूस नसताना नैवेद्य दाखवायचा नाही ही आपली रीत. तो संध्याकाळी नेता येईल का, एवढं गावात विचारून बघ.

मी पार्क बंद होईपर्यंत थांबणार, कारण शब्द माझा आहे. वेळेत पोचलो तर खांदा देईन. नाही पोचलो तर यात्रा कमिटीच्या सोपानरावांना सांग, यंदा आपला मान त्यांनी चालवावा. हे सुखाने लिहीत नाही. पण परक्यांची लेकरं पाण्यातून सुखरूप बाहेर काढणं हीसुद्धा नाथांचीच चाकरी आहे, असं मला वाटतं.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
ईश्वर


खुटबाव
११ एप्रिल

चि. ईश्वर यास आशीर्वाद.

देवळाम्होरं समद्यांना बशिवलं. सोपानराव लई तापले. म्हणले, तुमच्या घसरगुंडीपायी देवानं दुपारभर उपाशी ऱ्हायाचं का? म्या म्हणलं, पंचांग काढा. गुरवानं काढलं, डोळ्याजवळ धरलं, लांब धरलं, मग वाचून दावलं. यंदा रविवारी दिवसभर सातमच हाय, अष्टमी लागतीया दिवस मावळताना. म्हंजी दुपारी निवद दावला तर तो सातमीला दावल्यावानी. सोपानराव म्हणले, आजवर हे कुणी बघितलं न्हवतं. म्या म्हणलं, आजवर कुणाच्या सुना पगारी न्हवत्या. बायका हसल्या, मग बाप्ये बी हसले, आन् निवद दिवेलागणीला, पालखीच्या आधी, ठरला.

पोळ्या आम्ही म्हाताऱ्या लाटू. माणसं दुपारी सुटली तरी चालतंय.

मान दुसऱ्याला द्यायचं मातूर मला पुन्यांदा लिहू नगंस. म्या सोपानरावांस्नी त्यातलं काय बी सांगितलं न्हाई. पालखी कुणासाठी थांबत न्हाई. तूच येळेवर ये.

तुझी वाट बघणारी,
अक्का


न्हावरा
२३ एप्रिल

प्रिय एलिया,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुमचा टेम्पो येण्याआधी इथं काय झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

शेठना मी आदल्या आठवड्यातच सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, पाळी बदलताना जीवरक्षकाची एक जरी खुर्ची रिकामी दिसली, तर तिथूनच ठेकेदाराला फोन लावीन. रविवारी ते खरोखर लाटांच्या तलावाशी येऊन उभे राहिले, हातात मोबाईल. तलाव माणसांनी गच्च. एक वाजला, टेम्पो नाही. दीड वाजला. चौफुल्याला लग्नाच्या गाड्यांत तुम्ही अडकलात हे जोएलने कळवलं, पण कधी सुटाल ते त्यालाही सांगता येईना.

बाहेर खुटबावला न्यायची गाडी उभी होती. गावाकडे पाव्हणे आलेले, देवापुढं आरास चाललेली, प्रत्येकाच्या घरून निरोप येत होते. मी एकेका खुर्चीपाशी गेलो. शितलला म्हणालो, सूनबाई, अजून थोडा वेळ लागेल. तिने पाण्यावरची नजर न काढता सांगितलं, मामा, ब्लेसी बसल्याबिगर म्या उठत न्हाई, तुम्ही समोर उभं ऱ्हाऊ नका, मला पलीकडचं दिसत न्हाई. मी बाजूला झालो. शेठही दोन पावलं सरकले. एकही खुर्ची हलली नाही.

पुढचं तू पाहिलंस. नवा माणूस आधी खुर्चीशेजारी उभा राहायचा, दोघं मिळून थोडा वेळ पाणी बघायचे, मगच जुना उठायचा. हे मी शिकवलं नव्हतं. गेल्या वर्षी आम्हाला सोडून गेलेला एक पोरगा लेकराला कडेवर घेऊन ते बघत होता. मला म्हणाला, साहेब, आमच्या वक्ताला असं न्हवतं. मी म्हणालो, तुमच्या वेळी तुम्ही होता.

आणि पाचला तू जबरदस्तीने माझ्या हातून किल्ल्या काढून घेतल्यास. तुला ऐकू येत नाही याचा तू फार गैरफायदा घेतोस. मी नाही म्हणत होतो ते सगळ्या पार्कने ऐकलं. जत्रेच्या गर्दीतून वाट काढत मी देवळाच्या पायऱ्या चढलो तेव्हा पालखी उठतच होती. कपडे बदलायला सवड नव्हती. दांडी खांद्यावर घेतली, तशी अक्का जवळ येऊन म्हणाली की गुलालापेक्षा तुझ्या अंगाला पाण्यातल्या औषधाचाच वास येतोय, नाथ शिंकतील. डोळे मात्र तिचे भरलेले होते.

शेठने ठेकेदाराचं नाव पुन्हा काढलेलं नाही. ऑफिसात कॅलेंडरशेजारी पंचांग टांगलंय, आणि पुढच्या वर्षीचा ईस्टर कधी हे तुला विचारायला सांगितलंय.

एकच राहिलं. सगळं नीट झालं असं जोएल सांगतो. पण आजवर मी गेट दुसऱ्याच्या हाती दिलं नव्हतं. पालखीखाली असताना अर्धं मन तिथंच होतं. शेवटी काय केलंस ते लिही.

वहिनींचा रस्सा यंदा हुकला, तो उधार ठेव, आणि लोभही.

तुझा,
ईश्वर


केडगाव
२७ एप्रिल

प्रिय ईश्वर,
प्रभूच्या नावात सलाम.

शेठना सांग, पुढचा ईस्टर ५ एप्रिलला. आणि येता नाताळ गुरुवारी आहे. डिसेंबरात शाळांच्या सहली असतात, तेव्हा खुटबावच्या लोकांना आत्ताच सांगून ठेव. त्या दिवशी पहाटेपासून पार्क तुमचं. हन्नाने रस्सा उधार ठेवला नाही, पुन्हा करणार आहे. येत्या रविवारी ये, शितल-रोहिदासची सुट्टी असली तर त्यांनाही आण.

आता तुझ्या गेटचं. सहाला शिट्ट्या वाजल्या म्हणे. मला लोक बाहेर निघालेले दिसले. ब्लेसीने बायकांचा तलाव बघितला, जोएलने बाकीचे. लॉकर उघडे, रिकामे. सगळे म्हणाले, आत कुणी नाही. माझा त्यांच्यावर भरवसा आहे. पण कुणी राहिलं असतं आणि हाक मारली असती, तर मला ती ऐकू आली नसती. म्हणून मी लाटांच्या तलावाशी पाणीच बघत उभा राहिलो. यंत्र बंद केल्यावरही पाणी किती वेळ हलत राहतं, हे मला माहीत नव्हतं. पोरं टेम्पोत बसून खुणा करत होती, मी हललो नाही. हळूहळू पाणी सपाट झालं, काठापासून काठापर्यंत, आणि त्यात घसरगुंडी सरळ दिसायला लागली.

ब्लेसी जवळ आली आणि कानाशी ओरडून म्हणाली की पप्पा, ईश्वरकाका सकाळी पाण्याला हात लावतात. म्हणून मीही वाकून लावला. ओला हात तसाच ठेवून गेटला कुलूप घातलं.

तेव्हा तू पालखीखाली असशील. दोन्हीकडे सगळं ठीक होतं. आपला स्नेह असाच राहो.

तुझा,
एलिया