बाबांच्या फाइलमधला गुणाकार

४ मार्च, सोमवार
सापडली! कर्नलमध्ये — कॉम्प्युटरच्या गाभ्यातल्या प्रोग्राममध्ये — मेमरी मागताना नुसता गुणाकार करून मोकळ्या होणाऱ्या ओळी महिनाभर हुडकतेय. आजची एकशे बारावी. हॉस्पिटलात खाटेशेजारी असतो त्या मॉनिटरचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र कॉम्प्युटरशी जोडणारा कोड — आणि फाइलच्या माथ्यावर नाव बाबांचं. माझ्या सासऱ्यांचं!

नोंदी किती ते यंत्र सांगतं. गुणिले एका नोंदीचा आकार — तेवढी जागा मागायची. पण यंत्राने अवाच्या सव्वा आकडा दिला, तर गुणाकार मावत नाही. वरचे अंक गळून पडतात, उरतो इवलासा आकडा. जागा मिळते चिमूटभर, लिहिलं जातं पोतंभर — शेजारच्याच्या मेमरीवर! आणि मॉनिटर बंद.

कसं सांगू त्यांना?

५ मार्च, मंगळवार
नाही सांगितलं.

७ मार्च, गुरुवार
सांगितलं. चहा देता देता. चष्मा लावला, ओळ वाचली, परत वाचली. "माझीच चूक." बस्स. दुपारी जेवले नाहीत.

हा गेल्यापासून दोन वर्षं घरात आम्ही दोघंच. तो मुलगा त्यांचा, नवरा माझा — दोघंही त्याचं नाव जपून काढतो. एवढं सांभाळलेलं, आणि मी असं दुखवून ठेवलं!

८ मार्च, शुक्रवार
सकाळीच खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी हजर! "सूनबाई, दाखवा तुमचं नवं फंक्शन." दाखवलं. नोंदींचा आकडा आणि आकार वेगवेगळे द्यायचे, गुणाकार ते करतं. मावला नाही तर जागा द्यायला सरळ नकार.

"बरंय. मला उभ्या जन्मात कुणाला नाही म्हणता आलं नाही."

हसले! मग मीही.

११ मार्च, सोमवार
जुन्या फाइलींतल्या आणखी सहा जागा बाबांनीच काढल्या. शिवाय माझी एक चूक पकडली — आकार भलत्याच नोंदीचा घेतला होता. "घाई नडते तुला." मी कान पकडले.

दुरुस्तीसोबतच्या पत्रात स्वतःचं नाव घालायचा हट्ट. "बाबा, चूक कुणाची ते लिहायची गरज नसते हो." "असू दे. माझंच लिही."

१३ मार्च, बुधवार
चूक कधी शिरली तेही पत्रात लिहायचं, म्हणून जुनी मेल चाळली. ती ओळ पहिल्यांदा आली तेव्हाचं, एकोणीस वर्षांपूर्वीचं बाबांचं पत्र: "हा भाग माझ्या मुलाने लिहिलाय. त्याचं पहिलंच काम. मी नीट तपासलंय."

बाबा बाहेर कुंड्यांना पाणी घालतायत. काही विचारलं नाही. त्यांचंच नाव राहू दिलं.