अंगणातलं ऊन आणि ढिगातला विस्तव

११ मे
कपिली गाभडली. पहाटे गुरांच्या कोठ्यात गेलो तर वासरू निपचित, आणि ही त्याला चाटतेय. पुरून आलो. गाईच्या डोळ्यांकडे बघवेना.
नात मंजू बाळंतपणाला माहेरी आली आहे, आठवा लागलाय. तिला काही कोठ्यात फिरकू दिलं नाही. "पोटुशीनं असं पाहू नये," तिची आई म्हणाली.

१२ मे
अपशकुन निघावा म्हणून सुनेनं, म्हणजे मंजूच्या आईनं, कोठ्यातलं सगळं शेण गोळा करून अंगण सारवायला घेतलं. मंजूही बसली.
"तू कायले बसतेस वं?"
"बसून सारवलं का बाळंतपण सोपं जाते, आबा. तुमाले काय ठाव."
ओसरीपासून थेट रांजणापर्यंत हात मारला पोरीनं. दृष्ट लागावी असं अंगण.

१४ मे
जनावरांच्या डॉक्टरबाई लाखांदूरहून आल्या. कपिलीचं रक्त घेतलं. गाभ पाडणाऱ्या रोगाचा संशय. माणसालाही लागतो, ताप येत राहतो म्हणाल्या. वासरासोबत पडलेली जार, शेण, कोठ्यातली ओल, सगळ्यात जंतू. दूध उकळल्याशिवाय तोंडाला लावायचं नाही.
"हे सारवलं कोणी?"
मंजूनं शाळेतल्यासारखा हात वर केला. बाईंनी तिच्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, हिचंही रक्त तपासून घ्या, उद्याच.
मी विचारलं, अंगण खरवडून काढू? त्या म्हणाल्या, जिथं ऊन पडतं तिथं पातळ थरात ते फार टिकत नाहीत. पण सावलीत, ओलीत महिनोन्‌महिने जगतात.
रांजणाजवळ कडुनिंबाची गच्च सावली. तिथली माती उन्हाळ्यातही सुकत नाही. मंजू तिथंच सगळ्यात जास्त वेळ बसली होती.

१५ मे
एसटीनं लाखांदूर. मंजूचं रक्त दिलं. परत येताना तिनं चण्याचा डाळवा मागितला, खाल्ला, झोपली. रांजण हलवला, जागेवर चुना टाकला. सावलीच्या फांद्या छाटल्या. झाडाला नमस्कार करून, पण छाटल्या.

१९ मे
खताचा ढीग मी जन्मभर चिंचेखाली घालत आलो. उन्हात सत्त्व उडतं म्हणून. कोठ्यातलं ते शेण त्यातच पडत होतं. बाईंच्या सांगण्यावरून पाणी मारून ढीग उंच रचला, ताडपत्री टाकली. हातमोजे, तोंडाला दुपट्टा. सून म्हणे, "मामंजी, दरोडा टाकाले चालले का?"

२३ मे
आज सब्बल, लोखंडी पहार, ढिगात खुपसून ठेवली. थोड्या वेळानं उपसली तर हातात धरवेना.
काडी ओढली नाही, फुंकर घातली नाही. शेण, कापसाची पराटी, पाणी. आणि आत चूल पेटलेली. फोनवर बाईंना विचारलं. म्हणे आतले बारीक जीव शेण-काडी खातात, त्यांच्या खाण्याचीच ही ऊब, आणि त्या उबेत रोगाचे जंतू मरतात. म्हणजे जीवच जिवाला जाळतोय. सत्तरी ओलांडली, रोज त्या ढिगावर शेण टाकलं, आणि कधी हात घालून पाहिलं नाही.
सूनबाईनंही सब्बल चाचपली. "चाय मांडू का याच्यावर?"

२६ मे
नवतपा लागला, कडक उन्हाचे नऊ दिवस. लोक उन्हाला शिव्या देतात, मी उंबऱ्यात बसून त्याच्याकडे बघत राहिलो. कोणी न सांगता कसं काम करतंय. कपिलीचा रिपोर्ट आला. तोच रोग. मंजूचा अजून नाही. तिला सांगितलं. म्हणाली, "कपिलीले कोणी दोष देऊ नोका."

३० मे
ढीग परतला. कडेचं थंड खत आत, आतलं कडेला. मंजू खिडकीतून लांबूनच.
"आबा, आतलं मेलं असन. पण कडेचं?"
"म्हणून तर पालटून राहिलो बाई. आज याची पाळी, उद्या त्याची."
"अन्‌ माह्या अंगात गेलं असन तं? तिथं कोणतं ऊन?"
औषध असते म्हटलं. ते खरंच आहे, बाई बोलल्या होत्या. पण पोटातल्याचं काय, ते तिनं विचारलं नाही आणि मीही...
दवाखान्यातून फोन आला. मंजूचा रिपोर्ट आलाय, उद्या या.
साबणानं हात धुऊन तिच्या कपाळाला लावला. गरम वाटलं. पण टाकीचं पाणी उन्हानं इतकं तापलेलं की माझेच हात कढत होते. ताप तिचा की ऊब माझ्या हातांची, काही कळलं नाही.