सर, बेटावर तिला सांगितलं

सर, तुम्हाला दिलेला शब्द मी मोडला. मे महिन्यात, भर दुपारी, एका बेटावर. आधी सगळं सांगतो, मग रागवा. वर्गात तुमची पद्धत तीच होती, आधी पाठ म्हणून घ्यायचा आणि मग छडी.

तुमची मुलगी आणि मी बारा दिवस गाडी घेऊन कोकणात होतो. अमरावतीहून पहाटे चारला निघालो, ऊन चढायच्या आत जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापायचं म्हणून. पाण्याच्या दोन कॅन, ठेच्याचा डबा, आणि लू लागू नये म्हणून माझ्या खिशात कांदा. समुद्राकाठी लू नसते, घाम असतो, हे तिथं गेल्यावर कळलं. कांदा मात्र मी गुहागरपर्यंत खिशात बाळगला. संस्कार म्हणतात तो हाच असावा.

हौसेने निघालो असतो तर बरं झालं असतं. मार्चमध्ये अकोल्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरबाईंनी तिला काचबिंदू असल्याचं सांगितलं. डाव्या डोळ्याच्या कडा गेल्या आहेत, गेलेलं परत येत नाही, उरलेलं रोजच्या थेंबांनी सांभाळायचं. बाईंनी विचारलं, घरात कुणाला होता का? ती म्हणाली, "नाही. माहे बाबा तर शेवटपर्यंत पोथी वाचत होते." मी शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचत होतो. सगळ्यात खालची ओळसुद्धा मला स्वच्छ दिसली. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मले समुद्र पाह्यचा आहे. कडा जाऊन राहिल्या म्हणते ना ती बाई, मंग ज्याले कडाच नाही ते पाहून घेते."

तुमचं ते स्वयंपाकघर मला अजून दिसतं. मी बी.ए.ला आहे, सकाळचा पाठ संपलाय, आणि तुम्ही स्वतः माझ्यासाठी चहा गाळताय. चहा कपाच्या बोटभर बाजूला, ओट्यावर पडतोय आणि तुम्ही शांतपणे गाळतच आहात. मी पंच्याने ओटा पुसतो. वर्गात देववाणी आणि घरात वऱ्हाडी, ही तुमची वाटणी. त्या दिवशी तुम्ही खालच्या आवाजात म्हणालात, "पाह्यलं नं तू? कोणाले सांगू नको. पोरीचं जमून राहिलं." तेव्हापासून मी पाठाला तुमच्या उजव्या हाताला बसू लागलो. श्लोक तुम्हाला तोंडपाठ होते, पान तेवढं मी वेळेवर उलटायचो. ते स्थळ पुढे पत्रिकेवरून मोडलं आणि दोन वर्षांनी मीच स्थळ झालो. नवरदेवाला सगळं ठाऊक होतं, आता लपवायचं कुणापासून, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. शब्दही परत घेतला नाहीत. लग्नानंतर वर्षभरात तुम्ही गेलात आणि शब्द माझ्याकडेच राहिला.

वाटेत सांगायचं असं मी रोज ठरवत होतो. हर्णैला ती मासळीच्या लिलावातल्या बायकांशी अशी रमली की मला विसरली. गुहागरला तिने मला हात धरून पाण्यात ओढलं आणि लाट माझा चष्मा घेऊन गेली. जुना चष्मा बॅगेच्या तळाशी सापडेपर्यंत रस्त्यावरच्या पाट्या तीच मला वाचून दाखवत होती. त्या आनंदात ही गोष्ट काढायची कशी, सर?

मालवणच्या अलीकडे एक लहानसं बेट आहे, ओहोटीला वाळूवरून चालत जाता येतं. खोलीच्या मालकीणबाईंनी दोन तासांत परत या म्हणून बजावलं होतं. आम्ही गेलो, उंडीच्या झाडाखाली बसलो आणि बारा वाजले. आता बारा ते चार आपल्याकडचा माणूस उन्हात पाऊल टाकत नाही. आम्हीही टाकलं नाही. ऊन उतरलं की निघू म्हणून तिथंच आडवे झालो. आपल्याला पाणी माहीत आहे ते पावसाळ्यात येणारं आणि उन्हाळ्यात जाणारं. दिवसातून दोनदा ये-जा करणारं पाणी ऐकून माहीत होतं, अंगवळणी नव्हतं. ती उठून बसली आणि म्हणाली, "अहो, आपला रस्ता कुठी गेला?"

रस्ता नव्हता, फोनला रेंज नव्हती, मला पळून जायलाही जागा नव्हती. तेव्हा सांगितलं. चहा, ओटा, पानं, सगळं; फक्त "कोणाले सांगू नको" म्हणालात ते सोडून.

 ती म्हणाली, "म्हंजे पाठवणीच्या वक्ती बाबाले मी दिसलीच नाही?" तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवला होता आणि बघत होतात तिच्या खांद्यापलीकडे. सव्वीस वर्षं ती ते धरून बसली होती. "मले वाटे, तुमी त्याईले पसंत नव्हते, म्हणून माह्याकडे पाह्यलं नाही."

"तेही असेल," मी म्हणालो.

ती हसली, हसता हसता रडली, आणि मग डोळे पुसून माझ्याकडे वळली. "अन् दवाखान्यात? ते बाई इचारून राहिली होती अन् तुमी तक्ता वाचत होते. आपल्या पोरीचे डोळे कोण पाह्यन?"  

पाचच्या सुमाराला मालकीणबाईंनी धाडलेला एक होडीवाला आला. "काय ओ, तुमका सांगलेला ना, पाणी भरता म्हणान?" तुमची मुलगी पदर खोचत म्हणाली, "आमच्या इकडं उन्हात कोणी निघत नाही, दादा." तो म्हणाला, "मग आमच्या हंय भिजान जावा." होडीत रेंज आली तसा तिने पुण्याला मुलीला फोन लावला. "उद्याच डोळे दाखव. काहून ते मंग सांगते." मुलीचे डोळे आज तरी नीट आहेत. दरवर्षी दाखवायचे आहेत.

परतीच्या वाटेवर ती कोल्हापूरपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग एकच प्रश्न विचारला, "लपव म्हणून बाबानं सांगतलं होतं का तुमाले?" मी नाही म्हणालो. माझ्या लक्षात आलं आणि मीच गप्प राहिलो, असं सांगितलं. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मले तेच वाटलं. तुमी असेच आहात." आता तिचा राग माझ्यावर आहे, आणि तुमची आठवण ती पूर्वीपेक्षा मऊ आवाजात काढते. तेवढं एक खोटं राहू द्या, सर.

म्हणून हे पत्र घरात ठेवता येणार नाही. तिला अजून सगळं वाचता येतं.