बाजेखालची ट्रंक

२५ नोव्हेंबर, सकाळ
या आठवड्यात रेकॉर्ड प्लेअरची सुई आणायची म्हणजे आणायचीच. कैद्यांच्या गाणाऱ्या मंडळांच्या रेकॉर्डचा एवढा संग्रह जिंतूरच काय, अख्ख्या मराठवाड्यात कुणाकडं नसेल. जेलातली भजनी मंडळं, कव्वाली पार्ट्या, एक तर फॉरेनच्या कैद्यांची, दगड फोडता फोडता गायलेली. सुई तुटल्यामुळं अजून एकही ऐकलेली नाही. पण खरा संग्राहक ऐकत नसतो, सांभाळत असतो.

आईनं आज परत विचारलं, किशनचा आवाज कधी ऐकवतो रे. किशनराव म्हणजे माझा मामा, तिचा पाठचा भाऊ. बांधावरून भांडण, कुऱ्हाड, जन्मठेप. तुरुंगातच वारला. तिथल्या भजनी मंडळाची रेकॉर्ड निघाली होती, तिच्या कव्हरवर मागं त्याचं नाव आहे. हैदराबादच्या जुन्या बाजारात मीच हुडकून काढली. आईला म्हणालो, या आठवड्यात नक्की. ती म्हणाली, हे तू पोळ्यालाबी म्हणला होतास. म्हाताऱ्या माणसांना नको ते बरोब्बर लक्षात राहतं.

२८ नोव्हेंबर
राजेश्री बाळंतपणाला येणार. लेकीचं पहिलं, म्हणजे माहेरीच. शिवकन्येनं माझी खोली मागितली. मागितली कसली, घेतली. म्हणाली, तुमचे ते चोर-दरोडेखोर आधी बाहेर काढा. बायकोपुढं मी ठाम राहिलो. चहा होईपर्यंत.

३० नोव्हेंबर
उपाय सापडला! शिवकन्येला सांगितलं, प्लेअर सोडून सगळं भंगारवाल्याला देऊन टाकलं. ती एकदम खूश. जेवायला शिरा केला. प्रत्यक्षात सगळ्या रेकॉर्ड पत्र्याच्या ट्रंकेत आडव्या घातल्या, मामाला तळाशी, वरून कुलूप, आणि ट्रंक बाळंतिणीच्या बाजेखाली सरकवली. शिवकन्येनं विचारलं, हिच्यात काय? म्हणालो, रिकामी आहे, चावी हरवली. बाळंतिणीच्या खोलीत कोण झडती घेणार? जिल्ह्यातली सगळ्यात सेफ जागा. डोकं लागतं.

८ डिसेंबर
नात झाली. दोघी ठणठणीत. आनंदाच्या भरात सुई ऑनलाइन मागवली.

११ डिसेंबर
दवाखान्यातून घरी आल्या. न्हाऊमाखू घालायला चतुराबाई लावली. तिनं आल्या आल्या ऑर्डर काढली, बारसं होईस्तोवर गडीमाणसानं उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई. उत्तम. फुकटात पहारा मिळाला.

१२ डिसेंबर, दुपार
थंडी लय. दाराच्या फटीतून ओव्याचा धूर यायलाय. शिवकन्येला विचारलं तर म्हणाली, शेगडीचा. बाळंतिणीला शेक नको का? सहज विचारलं, शेगडी ठेवली कुठं? म्हणाली, बाजेखाली, आणि कुठं ठेवतात.

१२ डिसेंबर, जरा वेळानं
ट्रंकेपासून लांबच असणार. बाज मोठी आहे. काळजीचं कारण नाही.

१३ डिसेंबर
लांब नाही. वर आहे. बाज उंच, शेक पाठीपर्यंत पोचेना, म्हणून शेगडी थेट ट्रंकेवर ठेवली. शिवकन्येनंच सुचवलं म्हणे, रिकामीच हाय की, ठेवा वर.

आता करू काय? भरलेली आहे म्हणावं तर भंगारवाल्याची गोष्ट उघडी पडते. गप्प बसावं तर मामा भाजतो.

१४ डिसेंबर
चतुराबाईला समजावलं, आजकालचे डॉक्टर शेगडी नको म्हणतात. ती म्हणाली, तुमी काय फ्रिजात वाढलाव? आणि अजून दोन गोवऱ्या टाकल्या. दुपारी खिडकीतून डोकावलो. आतून किंकाळी, बाहेर शेजारच्या बाया गोळा. आता ओसरीवरून हलायचं नाही असा हुकूम आहे. माझीच खोली, माझीच ट्रंक, चावी माझ्या खिशात, आणि मी इथं सतरंजीवर. जीव गुदमरायलाय. त्या कैद्यांना निदान गाता तरी येत होतं.

१७ डिसेंबर
सुई आली. एवढ्या लवकर कशाला आली? कुरिअरवाल्याकडून नेमकी आईनं घेतली. खोकं मांडीवर घेऊन बसली आहे. म्हणाली, आता लाव. म्हणालो, बारसं होऊ दे, पोर दचकेल. ती म्हणाली, बरं. एवढंच. मला रडूच आलं.

संकल्प: इथून पुढं खोटं बोलायचं नाही. निदान ट्रंकेबाबत तरी.

२० डिसेंबर
बारसं झालं. पाहुणे गेल्यावर ट्रंक ओढून काढली. हरवलेली चावी माझ्या खिशातून निघाली ती शिवकन्येनं पाहिली. माझ्या हातून घेऊन कुलूप तिनंच उघडलं.

सगळ्या जेलांचे कैदी वितळून एकजीव. मधे खोलगट, कडा वर. चतुराबाई म्हणाली, कोंबड्यांना पाणी ठेवायला झ्याक हाय. तळाची मामाची तेवढी सुटी निघाली, पण भाजलेल्या पापडासारखी वेडीवाकडी. शिवकन्या म्हणाली, उद्या भंगारवाल्याला तुमीच हाक मारा. वळखीचाच हाय की तुमच्या.

आई प्लेअरशेजारी खुर्चीत तयार. खोकं उघडून सुई हातात धरलेली. पळायला जागाच नव्हती. लावली. सुई वर-खाली, आवाज मधेच जाड, मधेच बारीक, टाळ पुढं अन् भजन मागं. मरणाची लाज वाटली. सगळं सांगून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तर आईनं हातानंच गप्प केलं. डोळे मिटलेले, गालावर पाणी. म्हणाली, माझा किशनच हाय. ल्हानपणीबी असाच बेसूर गायचा.

मी म्हणालो, आई, पण बाकीचेबी सगळे बेसूरच लागायलेत.

ती म्हणाली, त्यायलाबी त्यानंच बिघडवलं असंल. रोज लावत जाय.