हसतमुख माणूस

अप्पा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी आज तुमच्यावर चिडले आहे. दुपारी चार वाजता मला कामावरून घरी पाठवलं. धायरीच्या बसमध्ये कधी नव्हे ती खिडकीजवळ जागा मिळाली आणि बसल्या बसल्या लक्षात आलं, की हा राग त्या गिऱ्हाईक बाईवर नाही, मॅनेजरवर तर नाहीच नाही. तुमच्यावर आहे.

मी काय करते ते तुम्हाला माहीत नाही. वारज्यात कपड्यांचं तीन मजली दुकान आहे, तिथे बायकांच्या कुर्त्यांच्या विभागात मी उभी असते. उभी म्हणजे उभीच. नऊ तासांत टेकायला एक स्टूल नाही, कारण बसलेला माणूस गिऱ्हाइकाला आळशी दिसतो म्हणे. स्टाफच्या दाराला आतून आरसा लावलाय. त्यात बघून हसायचं आणि मगच बाहेर पडायचं. मध्यंतरी हेड ऑफिसातून एक ट्रेनर आली होती, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी तरी लहान. आम्हाला ओळीत उभं करून तिने पॉझिटिव्ह अ‍ॅटिट्यूड शिकवला. "घरचे प्रॉब्लेम दाराबाहेर ठेवून यायचे. चेहऱ्यावर फक्त स्माइल." बाकीच्या मुली माना डोलवत होत्या. मी मनात म्हटलं, बाई गं, हे माझं तेराव्या वर्षीच शिकून झालंय.

तो दिवस तुम्हाला आठवत नसेल. शाळा सुरू व्हायच्या आधीचा आठवडा. आई माहेरी गेली होती म्हणून तुम्ही मला, लक्ष्मी रोडवर तुम्ही कामाला होतात त्या चपलांच्या दुकानात दिवसभर नेलंत. शाळेच्या बुटांची ही गर्दी! मी मागे खोक्यांच्या थप्पीशी पुस्तक घेऊन बसले आहे, आणि दारातून माझ्या वर्गातली एक मुलगी तिच्या आईबरोबर आत येते. तुम्ही बुटक्या स्टुलावर बसता आणि तिचा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेता. तिची आई म्हणते, "अहो, आधी हात पुसा. मोजे पांढरे आहेत." तुम्ही हसता. कसलं हसता, अप्पा! जणू त्या बाईने तुमचं कौतुकच केलं. खिशातला रुमाल काढून एकेक बोट पुसता, बूट चढवता आणि विचारता, "ताई, बोटं हलवून बघा बरं. चावतोय का कुठे?" ताई! गणितात माझी वही बघून उतरवणारी मुलगी, आणि तिला तुम्ही अहो-जाहो करत होतात. सात जोड काढायला लावून त्या दोघी काही न घेता गेल्या, तरी तुम्ही दारापर्यंत जाऊन "पुन्हा या" म्हणालात. जाताना त्या मुलीने मला पाहिलं. मी मान खाली घातली.

घरी येताना सायकलवर मागे बसून मी विचारलं, "तुम्ही हसलात कशाला? ती तुमचा अपमान करत होती." तुम्ही सायकल थांबवलीत, मला खाली उतरवलंत आणि भर रस्त्यात म्हणालात, "दुकानात तोंड आपलं नसतं, मालकाचं असतं. आणि तू तिथे तोंड पाडून बसली होतीस, ते सगळ्यांना दिसत होतं. पुन्हा असं बसायचं नाही." संपलं. त्या बाईबद्दल एक शब्द नाही. चुकलं कोण, तर मी.

बरं, दुकानात मालकाचं. मग घरी? तुमची सायकल दाराशी लागल्याचा आवाज आला की आई रेडिओ बंद करायची. हातपाय धुवून तुम्ही भिंतीकडे तोंड करून जेवायला बसायचात. आमटीत मीठ कमी असलं तर ताट पुढे सरकवायचात, पण बोलायचा नाहीत. दहावीला मला पहिला वर्ग मिळाला तेव्हा मी धावत आले, तर तुम्ही "हं" म्हणालात आणि पाणी मागितलंत. मी किती वर्षं त्या "हं"चे अर्थ लावत बसले होते! सगळं हसू गिऱ्हाइकांना वाटून यायचात तुम्ही. आमच्यासाठी काही उरवायचं असतं, हे तुम्हाला कधी सुचलंच नाही.

तुमच्या तेराव्याला दुकानाचे मालक आले होते. डोळे पुसत म्हणाले, "असा हसतमुख माणूस पुन्हा मिळायचा नाही हो." आईने माझ्याकडे पाहिलं. तिला खरंच कळेना, ते कोणाबद्दल बोलताहेत. चौतीस वर्षं तुमच्याबरोबर संसार केलेल्या बाईला, अप्पा!

आणि मी काय केलं? तेच केलं. गेल्या दिवाळीत माझी मुलगी मैत्रिणीबरोबर आमच्या दुकानात येऊन गेली. संध्याकाळी लसूण सोलता सोलता म्हणाली, "आई, तू तिथे किती गोड बोलतेस गं. मी लांबून बघत होते. मला वाटलं, दुसरीच कोणीतरी आहे." टोमणा नव्हता तो. सोळा वर्षांची आहे ती, जे दिसलं ते बोलली. मी म्हणाले, "उरक, अभ्यास पडलाय." तिच्याकडे बघून म्हणायची हिंमतही झाली नाही.

आज एक बाई कुर्ता परत करायला आल्या. गळ्याशी हा एवढा पिवळा डाग. म्हणाल्या, "असाच विकलात तुम्ही."

"मॅडम, ही हळद आहे," मी म्हणाले. "घालून झालेला कुर्ता आहे हा."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"मी नाही म्हटलं तसं. डाग म्हणतोय."

झालं. त्यांचा आवाज चढला, मॅनेजर धावत आला. तो कुर्ता बघेना की मला काही विचारेना. "मॅडमना सॉरी म्हणा," तो म्हणाला, "आणि स्माइल करून म्हणा." मी सॉरी म्हणाले. "हिचं तोंड बघा जरा," बाई म्हणाल्या. त्याने मला पुन्हा सांगितलं. सगळा मजला बघत होता. हट्टाने नाही हो अप्पा, मी प्रयत्न केला, पण गालच उचलेनात. शेवटी म्हणाले, "सर, सॉरी दोनदा म्हणते. हसू मात्र आज मिळणार नाही." केबिनमध्ये नेऊन त्याने वॉर्निंग लेटरवर माझी सही घेतली. अ‍ॅटिट्यूड निगेटिव्ह आहे म्हणाला. घरी जा, उद्या फ्रेश होऊन या.

घरी आले तर मुलगी चहा टाकत होती. "आई, तू आत्ता कशी?" नेहमीसारखं "काही नाही" म्हणणार होते. काय झालं कोण जाणे, पर्स खाली टाकली आणि ओट्याशी उभी राहून सगळं सांगितलं. डाग, बाई, केबिन, सही, सगळं. ती अशी पेटली! "तिच्या तोंडावर फेकायचास ना तो कुर्ता!" मग मी मॅनेजरची नक्कल करून दाखवली, मान तिरकी करून, "आणि स्माइल करून म्हणा." ती हसून हसून खालीच बसली. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी आम्ही दोघी हसत होतो. मग मला रडूही आलं. तिने ते पाहिलं. पाहू दे.

इतकं साधं होतं हे. त्या दिवशी घरी येऊन तुम्ही एकदा म्हणायचं होतं, आज एका बाईने मला हात पुसायला लावले. मी आईला पत्रात कळवलं असतं. परत आल्यावर तिने त्या बाईच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता. तुम्हाला तिची जीभ माहीत होती. लपवत काय होतात? अपमान मी डोळ्यांनी पाहिला होता. तुम्ही आम्हाला तुमच्या बाजूने भांडूसुद्धा दिलं नाहीत, अप्पा. याचा मला राग आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही.

उद्या मी कामावर जाणार आहे. त्या आरशात बघून हसणारही आहे, नोकरी सोडून चालणार नाही. हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्न नाही. पत्ता असता तरी टाकलं नसतं. वाचून तुम्ही "हं" म्हणाला असतात.

एक गोष्ट मात्र कोणालाच सांगितलेली नाही. कॉलेजात असताना आईने मला तुमच्याकडची किल्ली आणायला दुकानात पाठवलं होतं. बाहेर रणरणतं ऊन होतं. मी दारात आले तेव्हा पाठीमागच्या उजेडामुळे तुम्हाला माझा चेहरा दिसला नसावा. तुम्ही स्टुलावरून उठलात, हात जोडलेत आणि तोंडभर हसून म्हणालात, "या, या. बसा." मग ओळखलंत. "तू होय," म्हणालात आणि खिशात किल्ली शोधायला लागलात. तुमचा चेहरा आठवायला गेले की मला अजून तोच आठवतो, ओळखण्याच्या आधीचा. त्या दारात मी आणखी थोडा वेळ उभं राहायला हवं होतं.