चौथ्या गाण्यातलं माझं वरडणं

चकलांब्याच्या तुळजाआक्काला धाकट्या वत्सलीचा पाया पडून नमस्कार.

आक्का, माझ्या नातीचा, वर्षाराणीचा अल्बम निघाला! म्हंजे एकच गाणं न्हाई, ओळीनं नऊ. आठ तिनं रचलेली, चौथं तुझं हळदीचं. आमच्या घाटनांदूरच्या शाळेपुढं मांडव टाकला, माणसं बसवली आन् समदं तिथंच रेकॉर्ड केलं. चहा बी लई झकास होता.

हळदीच्या गाण्यात शेवटाला रचणारणीचं नाव येतं. पोरीनं गायलं, "वत्सला गाती बाई, हळद लागली." माझ्या नावाला टाळ्या पडल्या. तिच्या बापाच्या लग्नात तुझं नाव काढून माझं घातलं ते मीच की. तू भरल्या ताटावरनं उठलीस, त्याला पंचवीस वर्सं झाली. पोरीला बी मी तसंच शिकवलं.

मी उभी ऱ्हायले आन् वरडले, "थांब गं! गाणं माझं न्हाई, माझ्या थोरल्या बहिणीचं हाय. तुळजा म्हण, तुळजा!"

समदा मांडव हसला. रेकॉर्डिंगवाला म्हणला, "आजी, एवढं कापून टाकतो."

वर्षा म्हणली, "कापायचं न्हाई. अल्बमात आजी वरडलेलीच पायजे." मग तिनं तुझ्या नावानं पुन्यांदा गायलं.

हे पत्र काय मी टाकत न्हाई. तू न वाचताच चुलीत घालशील. सोमवारी मोबाईल घेऊन मीच येते. वर्षा म्हणती, अल्बम पयल्यापासनं ओळीनं ऐकायचा असतो. म्हंजे चौथं गाणं येस्तवर तरी तुला मला घरात बसू द्यावंच लागंल.

तुझं नाव चोरलेली,
वत्सली